प्रमाणपत्रांचें पीक आणि पडीक वर्ग

आमच्या घरीं एक जुनी लोखंडी पेटी आहे. तींत पूर्वीं माझ्या आईचीं लुगडीं असत. आतां माझीं प्रमाणपत्रें असतात. गेल्या दिवाळीच्या आवराआवरींत कागदांस कसर लागली कीं काय हें पाहण्यासाठीं ती उघडली, आणि रिकामपणाचा उद्योग म्हणून आंतील कागद मोजले. ते १३७ भरले. त्यांपैकीं ४१ तर एकट्या २०२० सालच्या टाळेबंदींतले, घरांत बसून, दूरध्वनीच्या पडद्यावर बोट टेकवून मिळविलेले. प्रत्येकावर सोनेरी किनार, दोन-तीन सह्या आणि माझें नांव. नांवाचें लेखन मात्र पांच-सहा परींचें. अमुक विषयावरील कार्यशाळेंत हे गृहस्थ उपस्थित होते व त्यांनीं सक्रिय सहभाग घेतला, असें हे सर्व कागद एकमुखानें सांगतात. मी तेथें काय शिकलों हें त्यांतील एकही कागद सांगत नाहीं, आणि खरें बोलावयाचें तर मलाही सांगतां येत नाहीं.

परंतु मोजतां मोजतां माझ्या मनांत दुसराच एक प्रश्न आला, आणि तो अद्याप गेलेला नाहीं. ज्या ज्या दिवशीं मी तेथें उपस्थित होतों असें हे कागद म्हणतात, त्या त्या दिवशीं मी कोठें अनुपस्थित होतों? त्याचें प्रमाणपत्र कोणापाशीं आहे?

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. महाविद्यालयीन अध्यापकांसाठीं आज ज्या कार्यशाळा, चर्चासत्रें, परिषदा, उद्बोधनवर्ग आणि उजळणीवर्ग भरतात, त्यांचा मूळ हेतु अध्यापन सुधारावें हा होता. प्रत्यक्षांत त्या अध्यापनाच्याच उरावर बसल्या आहेत, असें माझें स्पष्ट मत आहे. हें मत मी कोणा तटस्थ निरीक्षकाच्या ऐटींत मांडीत नाहीं. अठ्ठावीस वर्षें मी बुलढाणा जिल्ह्याच्या या उत्तर टोकास इंग्रजी शिकवीत आहें. या सर्व प्रकारांत मी श्रोता म्हणून बसलों आहें, वक्ता म्हणून उभा राहिलों आहें, आणि दोनदां तर संयोजक म्हणून पाहुण्यांच्या मोटारीची वाट पाहत फाटकापाशीं तिष्ठलों आहें. तेव्हां पुढें जे दोष सांगेन त्यांत माझाही वांटा आहे, हें वाचकांनीं आरंभींच गृहीत धरावें.

ज्यांस हा प्रदेश ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. संग्रामपूर हा आमचा तालुका. उत्तरेस सातपुड्याची रांग आणि अंबाबरव्याचें अभयारण्य, दक्षिणेस पूर्णा नदी, मध्यें कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणारी काळी जमीन. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्याची झळ आमच्या तालुक्यास चांगलीच लागली आहे. विहिरीस पाणी लागलें तरी तें तोंडांत धरवत नाहीं. आगगाडी पाहावयाची तर शेगांवास जावें लागतें, जिल्ह्याचें ठिकाण गांठावयास अर्धा दिवस मोडतो, आणि आमचें विद्यापीठ अमरावतीस, शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. सोनाळा, टुनकी, पातुर्डा यांसारख्या गांवांतून आणि डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांतून मुलें-मुली एस. टी.च्या गाडीनें शिकावयास येतात. सकाळची गाडी चुकली कीं दिवस बुडाला. गाडी मिळाली आणि प्राध्यापक नसला, तरीही दिवस बुडालाच. पुण्या-मुंबईस एखादा तास न झाला तर मुलाला ग्रंथालय आहे, शिकवणी आहे, कदाचित् घरांत शिकलेला बाप आहे. येथें फळ्यापुढें उभा राहणारा माणूस हेंच पुष्कळदां सारें विद्यापीठ असतें. तो उठून गेला कीं विद्यापीठही उठून गेलें.

आतां कार्यशाळा म्हणजे काय तें पाहूं. शब्द मोठा चांगला आहे. सुताराची कार्यशाळा असते. तेथें लांकूड असतें, रंधा असतो, खालीं भुसा पडतो आणि संध्याकाळपर्यंत निदान एक पाट तयार होतो. आमची कार्यशाळा दहाची म्हणून जाहीर होते आणि प्रमुख पाहुण्यांची मोटार येईल तेव्हां, म्हणजे बहुधा साडेअकरास, सुरू होते. प्रथम दीपप्रज्वलन, समई विझूं नये म्हणून तेवढा वेळ पंखे बंद. मग स्वागतगीत, मग शाल आणि श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, आणि तो करून देणाराचाही परिचय. नंतर बीजभाषण, त्या बीजाला अंकुर फुटेपर्यंत जेवणाची वेळ होते. जेवणानंतरच्या सत्रांत पडद्यावर लिहिलेलीं वाक्यें मोठ्यानें वाचून दाखविलीं जातात. श्रोत्यांस वाचतां येतें ही गोष्ट वक्त्याच्या ध्यानांत नसावी. दुसरा वक्ता, आपल्या आधींच्या मान्यवरांनीं सर्व सांगितलेंच आहे असें म्हणून, तें सर्व पुन्हां सांगतो. चार वाजतां प्रमाणपत्रांचें टेबल मांडलें जातें, आणि दिवसभर न दिसलेली जागृति सभागृहांत एकाएकीं दिसूं लागते.

मीं अशी एक कार्यशाळा पाहिली आहे कीं, जिचा विषय ‘विद्यार्थीकेंद्रित अध्यापन’ हा होता आणि जींत सहा तासांत एकाही विद्यार्थ्याचें दर्शन झालें नाहीं. पाण्याचे पेले फिरविणारीं चार मुलें काय तीं अपवाद. त्या वेळीं तीं मुलें कोणत्या तासास बसावयाचीं होतीं, हें विचारण्याचें भान आम्हां शे-सव्वाशे विद्वानांपैकीं कोणासही राहिलें नाहीं. मलाही राहिलें नाहीं.

हा प्रकार उगाच वाढलेला नाहीं. त्याला खतपाणी नियमांनीं घातलें आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें अध्यापकांच्या शिक्षणावर भर दिला, आणि त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें ठिकठिकाणच्या विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजें काढलीं. त्यांचींच पुढें मानव संसाधन विकास केंद्रें झालीं, आणि २०२३ पासून त्यांस मालवीय मिशनचें नांव मिळालें. मूळ कल्पनेंत वाईट असें कांहींच नव्हतें. नव्या अध्यापकानें कांहीं आठवडे जुन्या जाणत्यांच्या सहवासांत राहावें, आपल्या विषयांत काय नवें घडलें तें ऐकावें आणि ताजा होऊन वर्गांत परतावें, यास कोण नको म्हणेल?

बिघाड झाला तो मोजदादीपासून. २०१० च्या जूनमधील नियमावलीनें अध्यापकाच्या पदोन्नतीसाठीं गुणांचीं कोष्टकें केलीं. आंतरराष्ट्रीय परिषदेंत निबंध वाचल्यास १०, राष्ट्रीय परिषदेंत ७.५, राज्यस्तरावर ५ आणि स्थानिक पातळीवर ३, असा भाव ठरला. भाव ठरला कीं बाजार भरतोच. ज्या स्थानिक चर्चासत्रास तीन गुण मिळत, त्यालाच ‘राष्ट्रीय’ म्हटलें कीं साडेसात मिळूं लागले; आणि राष्ट्रीय होण्यास परप्रांताचा एक वक्ता पुरे होऊं लागला. आमच्या बाजूस तर ही सोय निसर्गानेंच करून ठेविली आहे. सातपुडा ओलांडला कीं बऱ्हाणपूर, आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशांत. डोंगरापलीकडून एक गृहस्थ जीपगाडींतून उतरले कीं गल्लींतली सभा राष्ट्राची होते. निबंध छापण्याचेंही तेंच झालें. पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें इतकीं माजलीं कीं, २०१८ च्या मे महिन्यांत आयोगाला आपल्याच मान्य यादींतून ४,३०५ नांवें काढून टाकावीं लागलीं. मग केअर नांवाची नवी यादी आली, आणि २०२५ त तीही बंद झाली. ज्या निबंधांच्या जोरावर माणसें वर चढलीं ते निबंध कोणीं वाचले, हें मात्र कोणत्याच यादींत नोंदलेलें नाहीं.

कोणी म्हणेल, २०१८ च्या नियमावलीनें हें पुष्कळसें सुधारलें. सुधारलें, हें मी नाकारीत नाहीं. नेमून दिलेल्या तासांपैकीं ८० टक्के तास घेणारास ‘चांगला’ ही श्रेणी मिळूं लागली, आणि अध्यापन हें अध्यापकाचें काम आहे ही गोष्ट एकदांची कागदावर आली. परंतु २१ दिवसांचा उद्बोधनवर्ग आणि पुढचे आठवड्या-दोन आठवड्यांचे वर्ग पदोन्नतीच्या पायऱ्यांस पूर्वींप्रमाणेंच जोडलेले राहिले. शिवाय हिशेब पाहा. वर्षांत प्रत्यक्ष अध्यापनाचे दिवस किमान १८० असावेत असा दंडक आहे. आणि परिषदा, कार्यशाळा व असले वर्ग यांसाठीं अध्यापकास वर्षाला ३० दिवसांपर्यंत कर्तव्य-रजा मिळूं शकते. १८० त ३० म्हणजे सहावा हिस्सा. प्रत्येक जण एवढी रजा घेतो असें मी म्हणत नाहीं. कित्येक प्रामाणिक मंडळी हे वर्ग सुटींतच उरकतात. पण या रजेच्या नांवाकडे जरा लक्ष द्या. वर्ग सोडून दूर जाण्याच्या रजेस ज्या व्यवस्थेनें ‘कर्तव्य’ असें नांव दिलें, तिच्या मतें वर्गांत उभें राहणें हें काय आहे? चैन कीं काय?

आणि घेतलेल्या तासाची तरी परीक्षा कोठें होते? तास झाला हें नोंदवहींत लिहितां येतें. तो कसा झाला हें लिहिण्यास रकानाच नाहीं. अठ्ठावीस वर्षांत माझ्या वर्गांत, मागच्या बांकावर बसून, मी कसा शिकवितों हें पाहण्यास एकही सहकारी आला नाहीं, आणि मीही कोणाच्या वर्गांत गेलों नाहीं. १९९४ सालीं स्थापन झालेल्या नॅक या संस्थेनें कॉलेजांची तपासणी सुरू केल्यापासून प्रत्येक गोष्टीस पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे बहुधा स्थळ-काळाची खूण उमटलेलें छायाचित्र. कार्यशाळेचें छायाचित्र उत्तम निघतें: मागें फलक, पुढें समई, मध्यें पाहुणे. डोंगराकाठच्या एखाद्या पोराला इंग्रजीचा कर्मणि प्रयोग पंधरा दिवसांच्या झटापटीनंतर एकाएकीं उमगतो, त्या क्षणाचें छायाचित्र कसें काढावें? जें छायाचित्रांत येत नाहीं तें अहवालांत येत नाहीं, आणि जें अहवालांत येत नाहीं तें हळूहळू आमच्या कामांतूनही जातें.

भरींत भर म्हणजे पदें रिकामीं. एक कायम अध्यापक आठवडाभर बाहेर गेला तर त्याचे तास सांभाळावयास बहुधा दुसरा कायम अध्यापक नसतो; असतो तो घड्याळी तासिकेवर नेमलेला तरुण. त्याला घेतलेल्या तासापुरते पैसे मिळतात, सुटीचे मिळत नाहींत, आणि कर्तव्य-रजा हा शब्द त्याच्या वांट्यास कधीं येत नाहीं. तरी प्रमाणपत्रें तोही गोळा करतो, आणि तीं पदरचें नोंदणीशुल्क भरून. कारण मुलाखतींत फाईल जाड असली पाहिजे असें त्याच्या कानीं आलेलें असतें. एका तुटपुंज्या तासाची कमाई देऊन दुसऱ्या दिवसाचा तास बुडविण्याची परवानगी तो विकत घेतो. यापरतें उलटें अर्थशास्त्र मला ठाऊक नाहीं.

आतां माझ्या पेटींतील एका कागदाची हकीकत सांगतों. चार वर्षांपूर्वीं, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, मी दुसऱ्या एका जिल्ह्यांत आठवडाभराच्या कार्यशाळेस गेलों. विषय अध्यापनाच्या गुणवत्तावाढीचा होता. माझ्या बी. ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत डोंगराच्या पायथ्याच्या एका गांवची मुलगी होती. ती बोलत फारसें नसे. पण वही नीट ठेवी, आणि चुकलेलें वाक्य आपण होऊन पुन्हां लिहून आणी. घरांत कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. मी परत आलों तेव्हां ती वर्गांत दिसेना. आठ दिवस गेले, पंधरा गेले. शेवटीं आठवडी बाजारांत तिचा बाप भेटला. मीं चौकशी केली. तो नम्रपणें म्हणाला, “पोरगी तं येत होती जी. तीन दिस आली अन् तीन दिस वापस गेली. गाडीले पैसे लागते, अन् इकडं कापूस येचाले मानूस भेटत नाही. तुमी कोठी गेल्ते?”

मीं सांगितलें कीं, मी कार्यशाळेस गेलों होतों. शिकवावें कसें तें तेथें आम्हांस शिकवितात.

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मंग आता येते का तुमाले?”

त्याच्या प्रश्नांत कुचेष्टेचा लवलेश नव्हता. शिकावयास गेलेल्या माणसाला शिकून आलास का, असें विचारावें, तसें त्यानें विचारलें. मला उत्तर देतां आलें नाहीं. मुलगी पुढें परीक्षेस बसली, इंग्रजींत नापास झाली, आणि दुसऱ्या वर्षीं तिचें लग्न झालें. हें सर्व माझ्या सहा दिवसांनीं घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. गरिबीचीं कारणें माझ्याहून जुनीं आणि बळकट आहेत. परंतु तिच्या बापानें ज्या तराजूंत शिक्षण तोललें, त्याच्या एका पारड्यांत गाडीभाडें आणि वेचणीचा रोज होता. आणि दुसऱ्या पारड्यांत जें असावयास हवें होतें, तें नेमक्या त्याच आठवड्यांत मी उचलून परजिल्ह्यांत घेऊन गेलों होतों. त्या कार्यशाळेचें प्रमाणपत्र माझ्या पेटींत आहे. त्यावर माझें नांव शुद्ध लिहिलेलें आहे.

माझे कांहीं मित्र म्हणतात, तुम्ही कार्यशाळा बंद करूं पाहतां. खेड्यांतला अध्यापक आधींच एकटा, त्याला बाहेरचें वारें लागूं दिलें नाहीं तर तो कुजेल. हा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलें पाहिजे. शिकवणाऱ्यानें शिकविण्याचें शिक्षण घ्यावें ही मागणी आजची नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुल्यांनीं गांवच्या शाळांसाठीं तयार केलेले मास्तर मागितले होते. त्या मागणीस विरोध करीन असा करंटा मी नव्हे. माझ्या उमेदीच्या काळांत एका उजळणीवर्गांत एका वृद्ध प्राध्यापकांनीं आम्हां चाळीस अध्यापकांस अठरा वर्षांचीं मुलें समजून एक छोटी कविता शिकविली, आणि मग खडू खालीं ठेवून म्हणाले कीं, आतां माझ्या चुका सांगा. तो एक तास माझ्या हाडांत मुरला आहे. तीन आठवड्यांतील बाकी सर्व मी विसरलों. त्या तासांत आणि इतर तासांत फरक एवढाच होता कीं, त्यांत अध्यापनाविषयीं भाषण नव्हतें. अध्यापन होतें, आणि तें चारचौघांपुढें तपासलें जात होतें.

हें आमच्या शेतकऱ्यांस कळलें आहे. आम्हांसच कळलेलें नाहीं. १९८९ सालीं इंडोनेशियांत, भातावरील कीड आणि तिच्यावरचा बेसुमार औषधांचा मारा आवरण्यासाठीं, जागतिक अन्न व कृषि संघटनेच्या साहाय्यानें शेतीशाळेची पद्धत सुरू झाली. आज आपलें कृषिखातें ती कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यांत चालवितें, आणि नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांतून ती खारपाणपट्ट्याच्या गांवांसही पोंचली आहे. शेतीशाळा सभागृहांत भरत नाहीं, शेतांत भरते. पंचवीस-तीस शेतकरी एका वावरांत जमतात, ओळींत शिरतात, पानें उलटून किडी मोजतात, मित्रकीटक किती आणि शत्रु किती हें कागदावर मांडतात, फवारणी करावी कीं न करावी यावर भांडतात, आणि पुढच्या खेपेस आपला निर्णय बरोबर ठरला कीं चुकला हें पाहावयास त्याच वावरांत पुन्हां येतात. २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हां तिच्यावरील व्याख्यान ऐकलेल्या शेतकऱ्यापेक्षां बोंड फोडून अळी पाहिलेला शेतकरी अधिक जाणता होता, हें कोणासही पटेल.

मग अध्यापनाची कार्यशाळा वर्गांत कां भरूं नये? आमचें वावर वर्ग हें आहे, आमचें पीक तेथें उभें आहे, आमची कीडही तेथेंच लागते. आणि आम्ही मात्र पिकाची पाहणी करण्यासाठीं शंभर किलोमीटर दूर, वातानुकूलित खोलींत जमतों. जपानांतील शाळांत पिढ्यान् पिढ्या अशी रीत आहे कीं, कांहीं शिक्षकांनीं मिळून एक पाठ तयार करावा, एकानें तो खऱ्या मुलांपुढें शिकवावा, बाकीच्यांनीं मुलांच्या तोंडांकडे पाहत बसावें, आणि मग तोच पाठ दुरुस्त करून पुन्हां शिकवावा. तेथें जें शक्य झालें तें वऱ्हाडांत अशक्य असण्याचें कारण मला दिसत नाहीं.

तिकडे कशाला जा? १९८३ त निघालेल्या ज्या विद्यापीठाच्या छत्राखालीं आम्ही शिकवितों, त्याला आज संत गाडगे बाबांचें नांव आहे. बाबा शाळेंत शिकलेले नव्हते. दिवसां हातांत खराटा आणि रात्रीं कीर्तन हा त्यांचा क्रम १९५६ त देह ठेवीपर्यंत चालला. त्यांचें कीर्तन ज्यांनीं ऐकलें ते सांगत कीं, तें व्याख्यान नसेच. ते लोकांस प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत, त्या उत्तरांतून पुढचा प्रश्न निघे, आणि शेवटीं लोकांच्याच तोंडून लोकांची चूक बाहेर पडे. आणि ज्या गांवाची घाण काढावयाची त्या गांवांतच ते खराटा चालवीत. स्वच्छतेची परिषद भरविण्यास ते दुसऱ्या गांवीं गेले नाहींत. त्यांचें नांव आमच्या प्रमाणपत्रांच्या माथ्यावर छापलेलें असतें. त्यांची रीत त्या कागदाखालीं दबली आहे.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांच्या पदवीवर्गांत नवें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झालें, आणि त्यावरील कार्यशाळांचा अक्षरशः पाऊस पडला. कोणत्या सत्रांत किती श्रेयांक, कोणता विषय कोणत्या गटांत, याचा ऊहापोह मीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं तो झोपेंतही म्हणून दाखवीन. त्याच धोरणानें विद्यार्थ्यांस क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजांत जाऊन करावयाचें काम दिलें आहे. आमच्या भागांत त्यास विषय शोधावा लागतो काय? खारें पाणी दारांत आहे. मूत्रपिंडाच्या विकारांनीं खंगलेल्या माणसांच्या बातम्या वर्षानुवर्षें वर्तमानपत्रांत येत आहेत. रसायनाच्या एका अध्यापकानें वीस मुलें घेऊन दहा गांवच्या विहिरींचें पाणी बाटल्यांत भरावें, प्रयोगशाळेंत तपासावें, भूगोलाच्या अध्यापकानें त्याचा नकाशा करवावा, आणि मराठीच्या अध्यापकानें तो अहवाल गांवकऱ्यांस समजेल अशा भाषेंत लिहून घ्यावा. ही कार्यशाळा होय. हींत सुताराच्या दुकानाप्रमाणें खालीं भुसा पडेल आणि संध्याकाळीं हातांत कांहीं येईल.

केवळ दोष दाखवून थांबणें हा टीकाकाराचा जुना आळस आहे. म्हणून चार सूचना करतों. अध्यापनाच्या १८० दिवसांत कोणतीही कार्यशाळा भरवूं नये आणि तिच्यासाठीं रजाही देऊं नये. सुटीचे दिवस थोडे नाहींत. अध्यापनावरील कार्यशाळेची सुरुवात समईनें न करतां एका खऱ्या वर्गावरील खऱ्या पाठानें करावी, आणि पाहुण्यांनीं आधीं शिकवून दाखवावें, मग बोलावें. शेजारशेजारच्या तालुक्यांतील एका विषयाच्या अध्यापकांनीं वर्षांतून निदान सहा वेळां एकमेकांच्या वर्गांत बसावें आणि काय पाहिलें तें एका पानावर लिहावें. पदोन्नतीच्या वेळीं आठवड्याच्या वर्गाऐवजीं हीं सहा पानें धरावीं. आणि प्रमाणपत्र ही वस्तूच बंद करावी. जो खरोखर शिकण्यास आला आहे तो कागदावांचूनही येईल. जो कागदासाठीं येत होता तो घरीं राहील, आणि कदाचित् वर्गावर जाईल. मात्र या सर्वांआधीं रिकामीं पदें भरलीं पाहिजेत, हें सांगणें नलगे. ज्या वावरांत पेरणाराच नाहीं त्याची पाहणी तरी कशाची करणार?

हें सर्व वरून येईल याची मी वाट पाहत नाहीं. शेजारच्या तालुक्यांत इंग्रजी शिकविणारे माझ्याहून वीस वर्षांनीं लहान असे एक स्नेही आहेत. पुढच्या सोमवारीं ते माझ्या वर्गांत मागच्या बांकावर बसणार आहेत, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत, माझा तास नसेल त्या दिवशीं, मी त्यांच्या. माझ्या हाताला घाम सुटला आहे, हें कबूल करतों; अठ्ठावीस वर्षांनंतर कोणी आपलें शिकविणें पाहणार ही गोष्ट सोपी नाहीं. पाठ कर्मणि प्रयोगाचा ठेविला आहे. आणखी कोणास यावयाचें असल्यास यावें. नोंदणीशुल्क नाहीं, शाल नाहीं, समई नाहीं, प्रमाणपत्र नाहीं. दुपारची भाकर आपली आपण बांधून आणावी. तास डोंगराकडची पहिली गाडी आली कीं सुरू होतो.